नरहरपंतांचे आवाज

नरहरपंतांना मी पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यांनी मला नरहरपंतांना भेटू दिलं नाही.

युद्धाचे दिवस होते. मी नुकताच सातवीची फायनल पास होऊन, म्हसवडाकडचं गाव सोडून, सांगलीच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर म्हणून हजर व्हायला आलो होतो. एका हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी. शाळेच्या दारात खाकी कोट आणि तांबडा पट्टा घातलेला, पट्ट्यावर पितळी बिल्ला लावलेला एक उंच, वाळका शिपाई उभा होता. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोन तुमी? कुटनं आला?"

"नवीन शिक्षक. मोठ्या मास्तरांना भेटायचंय."

"सायब कामात हायेत. बसा हितं पायरीवर."

मी बसलो. शिपाई आत गेला, दार ओढून घेतलं. आतून बोलणं ऐकू येऊ लागलं.

"सायब, एक मास्तर आल्यात. ट्रंक हाय संगं."

"पाठव त्याला!" भारदस्त, खणखणीत आवाज. "थांब, थांब. उन्हातून आला आहे. आधी पाणी दे."

शिपाई तांब्या घेऊन बाहेर आला. मी पाणी प्यालो. त्यानं तांब्या घेतला, पुन्हा आत गेला, आणि जरा वेळानं त्या भारदस्त आवाजात हुकूम आला, "येऊ द्या!"

मी आत गेलो. टेबलामागे बंद गळ्याचा काळा कोट, काळी टोपी, नाकावर चष्मा, असा एक उंच, वाळका गृहस्थ बसला होता. "यावं, नवागत, यावं!" तो म्हणाला. मी मागं वळून पाहिलं. खोलीला दुसरं दार नव्हतं.

"हैबतीला शोधता? त्याला मी कामाला पाठवलं आहे," तो म्हणाला, आणि माझ्या हातातला हुकमाचा कागद घेऊन सही करू लागला. खुंटीवर खाकी कोट आणि तांबडा पट्टा अजून हलत होता.

त्याचं असं होतं. हैबती नावाचा खरा शिपाई त्या शाळेत होऊन गेला होता. म्युनिसिपालिटीच्या शाळा कमिटीनं काटकसर करायची म्हणून त्याची जागा कमी केली. तो मिरजेच्या स्टेशनात हमाली करू लागला. पण त्याचा पट्टा परत न्यायला कुणी आलंच नाही. नरहरपंतांनी तो खुंटीवर पाहिला आणि म्हणाले, "पात्र हजर आहे!"

हे त्यांचं लाडकं वाक्य. कारण मूळचे ते नाटक कंपनीतले. लहानपणी घरातून पळून जाऊन कंपनीत शिरले होते. बोलपट आले, कंपन्या बसल्या, तेव्हा सांगलीत आले. फायनल पूर्वीच झालेली होती. कंपनीचा जुना आश्रयदाता कुणी कमिटीवर होता, त्यानं त्यांना शाळेत चिकटवलं. पुढं वरचे लोक एकेक करून पेन्शनीत गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि नरहरपंत आपोआप मोठे मास्तर झाले.

एकटा शिपाई गेला असता तर गोष्ट तेवढ्यावर भागली असती. पण काटकसर अशी एकदा सुरू झाली की तिला थांबवणारा लागतो, आणि तो कमिटीवर कुणी नव्हता. गणिताचे कुलकर्णी मास्तर निवृत्त झाले, जागा रद्द. बालवर्गाच्या रूथबाई मिरजेहून येत असत. त्यांना दुसऱ्या शाळेत नेलं आणि बदली माणूस दिला नाही. मी आलो तो या सगळ्यांच्या मिळून एका जागेवर.

तरीही शाळेत कुलकर्णी मास्तर गणित शिकवत होते आणि रूथबाई बालवर्ग घेत होत्या.

पहिल्या आठवड्यात मी चौथीच्या वर्गाबाहेरून चाललो होतो. आत नरहरपंत पाठमोरे उभे. चिमटीत तपकीर धरल्यासारखी बोटं, कमरेत वाकलेले. चिरक्या आवाजात ओरडत होते, "हातचा कुठे गेला? खाल्लास काय गाढवा हातचा?" मुलं निमूट बेरजा करत होती. तास संपला. नरहरपंत बालवर्गात गेले, उपरणं डोक्यावरून घेतलं, हात जोडून उभे राहिले. "नमस्ते, बाई!" सगळी चिल्लीपिल्ली ओरडली. मग एका गोड, किंचित किनऱ्या आवाजात गाणं सुरू झालं. एकही पोर हसलं नाही. मी एकट्यानंच तोंडावर हात धरला होता.

कधीकधी कुलकर्णी मास्तर आणि रूथबाई यांचं भांडण होई. एखाद्या पोरानं पाटी फोडलेली असे. कुलकर्णी म्हणत, "छडी आणा." रूथबाई म्हणत, "अहो, लेकरू आहे ते." कुलकर्णी म्हणत, "लाडावून ठेवलंय तुम्ही." उपरणं डोक्यावरून खाली, खालून डोक्यावर, असं करत भांडण चांगलं रंगे. पोर एकदा या बाजूला बघे, एकदा त्या. शेवटी नेहमी रूथबाई जिंकत. छडी त्या शाळेत कुणी खाल्ल्याचं मला आठवत नाही.

शाळेचं वर्णन थोडक्यात करतो. हळदीच्या वखारींच्या मागं आमची इमारत. वखारीत हळद घोळायला लागले की धुरळा उडे, आणि आमची मुलं बारमाही कुणाच्या तरी हळदीला जाऊन आल्यासारखी पिवळी दिसत. इमारतीला खोल्या बऱ्याच होत्या, पण दोन खोल्यांवर छप्पर नव्हतं. दुरुस्तीसाठी म्हणून कौलं उतरवली होती. ती बैलगाडीत भरून गेली आणि गेलीच. त्याच सुमारास कमिटीच्या एका मेंबराच्या गोठ्यावर कौलं चढली. कौलं सगळी सारखीच दिसतात, म्हणून आम्ही काही बोललो नाही.

नकाशा सगळ्या शाळांना मिळून एकच ठेवला होता. तो फिरता होता. कचेरीतला माणूस सायकलवरून तो घेऊन येई, दिवसभर ठेवी, संध्याकाळी घेऊन जाई. आमची पाळी आली ती नेमकी रविवारी. सायकलवाल्यानं बंद दारापाशी उभं राहून दिवस भरला आणि नकाशा परत नेला. त्या वर्षी हिंदुस्थान आमच्या मुलांनी पाहिला नाही. म्युनिसिपालिटीच्या कचेरीपुढं मात्र त्याच साली एक कारंजं बांधलं. बांधून झाल्यावर लक्षात आलं की नळ आणायला पैसे उरले नाहीत. शाळा कमिटीच्या अध्यक्षांना, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत, एक जादा शिपाई मिळाला. तो त्यांची छत्री धरी.

अशा शाळेत नरहरपंत सकाळी हैबती होऊन झाडलोट करत, हैबती होऊनच घंटा देत, मग कोट बदलून मोठे मास्तर होत आणि घंटा उशिरा झाली म्हणून हैबतीला रागावत.

"सायब, चूक झाली," हैबती म्हणे.

"पुन्हा होता कामा नये," मोठे मास्तर म्हणत.

आयाबायांची तक्रार आली की मग तर बघण्यासारखं असे. वखारीत हळद निवडणारी गंगव्वा नावाची बाई होती. तिची सुंद्री आमच्याकडं दुसरीत. सुंद्री तान्ह्या भावाला काखेत घेऊन शाळेत येई, आणि ते पोर वर्गात भोकाड पसरे. मोठ्या मास्तरांनी सुंद्रीला बजावलं, उद्यापासून भावाला आणायचं नाही. दुसऱ्या दिवशी गंगव्वा पदर खोचून दारात हजर. दारात हैबती.

"शिपाईदादा, तुजा सायब मानूस हाय का दगूड? मी कामावं गेल्यावं तान्ह्याला कोन बगायचं?"

"लय कडक हाय बया," हैबती हळूच म्हणाला. "पर मनानं वाईट न्हाई."

"मग सांग त्याला."

"सांगतो. तू हितंच थांब."

हैबती आत गेला. दार लागलं. आत जो गोंधळ झाला तो मी आणि गंगव्वा बाहेरून ऐकत होतो. मोठे मास्तर कडाडले, "ही शाळा आहे की पाळणाघर?" हैबती गयावया करू लागला. मधेच रूथबाईंचा आवाज आला, "मी सांभाळीन हो त्याला, माझ्या वर्गात बसू द्या." कुलकर्णी मास्तरांनी जाता जाता नापसंती नोंदवली. शेवटी शांतता झाली आणि हैबती घाम पुसत बाहेर आला.

"झालं बग. आनू दे म्हनला. पर रडलं तर बाईंच्याकडं द्यायचं."

गंगव्वा समाधानानं निघाली. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो. "आवं गंगव्वा," मी म्हटलं, "शिपाई आन मोठं मास्तर येकच हायती, ठाऊक न्हाई का तुमास्नी?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "ठावं हाय की. मी काय आंधळी हाय? पर सायबाशी बोलाय गेलं की त्यो भाषान करतोय. शिपायाशी बोलाय सोपं जातंय."

हे माझ्या डोक्यात राहिलं. मला कुतूहल लागलं ते निराळ्याच गोष्टीचं. हैबतीचा आवाज हैबतीचा, कुलकर्ण्यांचा कुलकर्ण्यांचा. मोठ्या मास्तरांचा तो खणखणीत आवाज तर सरळ सरळ नाटकातल्या प्रधानाचा होता. मग नरहरपंतांचा आवाज कुठला?

मी लक्ष ठेवू लागलो. दुपारी आम्ही दोघं पायरीवर बसून चहा पीत असू. मी काही विचारलं, तर ते मान हलवत किंवा कुणाच्या तरी आवाजात उत्तर देत. "आज ऊन फार आहे," म्हटलं की कुलकर्णी उत्तरत, "मग सावलीत बसा." मंडईत ते वांगी घेताना एखाद्या सोवळ्या म्हातारीसारखी घासाघीस करत. भाजीवाले खूश असत. "या आज्जी," म्हणून हाका मारत. साऱ्या गावाला ती गंमत वाटे. मलाही वाटे. पण सरळ प्रश्न विचारला की गंमत थांबे. "पंत, तुम्ही मूळचे कुठले?" मी एकदा विचारलं. त्यांनी हातानं पूर्वेकडं, मिरजेच्या बाजूला, खूण केली आणि उठून घंटा द्यायला गेले. घंटेला अजून अवकाश होता.

एकदा माझ्या हातून त्यांच्या पायावर गरम चहा सांडला. मी ओशाळलो, पण कानही टवकारले. माणूस भाजल्यावर तरी आपल्याच आवाजात ओरडेल. नरहरपंत ताडकन उठले, एक पाय हवेत धरला, आणि गरजले, "कोण आहे रे तिकडे? या दुष्टाला बेड्या घाला!" बालवर्गातली मुलं धावत बाहेर आली. मी हात पुढं केले. काय करणार?

पुढं एका रविवारी मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. गावभागात, नदीच्या घाटाजवळ, एका देवळामागं त्यांची एक खोली होती. संध्याकाळ होत आली होती. दार लोटलेलं. आत कुणी बाई बोलत होती, वयस्क, प्रेमळ.

"अरे, ताक तरी घे. किती वाळलास!"

मला आनंद झाला. म्हणजे यांना आई आहे. मी दार ढकललं. खोलीत नरहरपंत एकटेच जेवायला बसले होते. ताटात भाकरी आणि पिठलं. हातात ताकाची वाटी. ते माझ्याकडं बघत राहिले. मग मोठ्या मास्तरांच्या आवाजात, पण अगदी हळू, म्हणाले, "यावं, नवागत." मी निमित्त विसरलो. थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

ते वर्ष असंच गेलं असतं, पण बक्षीस समारंभ मधे आला.

दर वर्षी मुलांना कमिटीच्या अध्यक्षांच्या हस्ते बक्षिसं मिळत. बक्षिसं म्हणजे पाटी-पेन्सिल, पण ती कुणाच्या तरी हातून मिळाली की आयांना बरं वाटे. रावसाहेबांनी दिवस दिला आणि आले नाहीत. पुन्हा दिवस दिला, पुन्हा आले नाहीत. मुलांचे सदरे धुवून धुवून विटले. तिसऱ्या वेळी वखारीतल्या बायका अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून येऊन बसल्या. ऊन चढलं. रावसाहेबांचा पत्ता नाही. बायका उठायच्या बेतात आल्या.

नरहरपंतांनी माझ्याकडं पाहिलं. "पात्र हजर आहे," ते म्हणाले.

ते आत गेले आणि बाहेर आले ते रावसाहेब होऊन. खांद्यावर उपरणं, हातात काठी, हनुवटी वर, नाकातून येणारा आवाज आणि दर वाक्याला एक ठसका. "या ठिकाणी, या प्रसंगी," त्यांनी सुरुवात केली आणि बायका पुढं सरकून बसल्या. रावसाहेबांनी मुलांची तोंडभर स्तुती केली. सुंद्रीला पाटी दिली, तान्ह्या भावाच्या गालाला हात लावला. मग त्यांना अंमळ चढलं. "या ठिकाणी, या प्रसंगी मी जाहीर करतो की या शाळेची कौलं ज्या गोठ्यावर असतील त्या गोठ्यावरून उतरवण्यात येतील. गुरांना ऊन लागेल, पण गुरांना बाराखडी शिकायची नाही!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. आणि तेवढ्यात फाटकातून कुणी टाळी न वाजवता आत आलं. डोक्यावर छत्री, छत्रीमागं शिपाई. खरे रावसाहेब.

दोन रावसाहेब एकमेकांकडं बघत उभे. नरहरपंतांना तोंड उघडणं भाग होतं, आणि त्यांच्या तोंडून त्या क्षणी जो आवाज निघायचा तोच निघाला. नाकातून, ठसक्यासकट. "या ठिकाणी... या प्रसंगी... आपण बसावं."

रावसाहेब बसले नाहीत.

थोड्याच दिवसांत कचेरीतून कागद आला. काटकसरीसाठी आमची शाळा बंद करून मुलं नदीकडच्या मोठ्या शाळेत घालण्याचा विचार आहे. मुख्याध्यापकांचं काही म्हणणं असल्यास कमिटीच्या सभेत येऊन सांगावं.

नदीकडची शाळा म्हणजे बाजार ओलांडून पलीकडं. त्या रस्त्यानं उसाच्या गाड्या, लष्करी लॉऱ्या, मोकाट बैल. वखारीतल्या बायकांना दिवस उगवताच कामावर हजर व्हायचं असे. पोरांना तिथवर पोचवणार कोण? गंगव्वा येऊन म्हणाली, "सुंद्रीला मी काय तिकडं धाडायची न्हाई. घरातच ऱ्हाईल. तान्ह्याला सांबाळंल." बाकीच्या बायाही तेच म्हणाल्या.

मला मात्र फारशी काळजी वाटत नव्हती. नरहरपंतांना बोलायला बोलावणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला विहिरीत ढकलणं, असा माझा समज. सभेला जाताना वाटेत ते कुलकर्ण्यांच्या आवाजात मला विचारत होते, "वकील उभा करू की प्रधान? की रूथबाईंना रडायला लावू?" मी म्हटलं, "सगळ्यांनाच उभं करा."

सभेच्या दिवाणखान्यात टेबलाभोवती मेंबर बसले होते. हळदीचे अडते भूपालशेठ पान चघळत होते. बाकीच्यांत एक-दोघे पेंगत होते. व्हरांड्यात वखारीतल्या काही बाया येऊन बसल्या होत्या, गंगव्वा पुढं. मी दाराशी उभा राहिलो.

रावसाहेबांनी नरहरपंतांकडं न बघता सुरुवात केली. "एक गोष्ट आधीच सांगतो. इथं नाटक चालणार नाही. शिपाई नको, बाई नको, कुलकर्णी नको. आणि मी तर मुळीच नको. तुम्हाला स्वतःला काय म्हणायचं आहे तेवढं स्वतः बोला."

नरहरपंत उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

"म..." ते म्हणाले. "म... म..."

त्यांची मान ताठली, डोळे मिटले, हनुवटी थरथरू लागली. शब्द घशाशी येऊन अडला होता. ते तो ढकलत होते आणि तो येत नव्हता.

एक मेंबर हसला. "आता हे कुठलं सोंग?" दुसरे हसले. रावसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "मी बजावलं होतं तुम्हाला! नाटक नको म्हणून!"

नाटक नव्हतं ते. मला एकदम कळलं. इतके दिवस मी ज्या आवाजाच्या मागावर होतो तो हा होता, आणि मला तो ऐकवेना. मला वाटलं पुढं व्हावं, सांगावं, यांना प्रधान होऊ द्या, हैबती होऊ द्या, कुणीही होऊ द्या. पण मी दाराशीच उभा राहिलो.

व्हरांड्यातून गंगव्वा उठली. दिवाणखान्यात पाय न टाकता, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "हसू नगा. माझ्या थोरल्या भावाचं आसंच हुतं. ह्यास्नी बोलाय येतंय, येळ लागतोय. येळ द्या त्यास्नी. आमी थांबतो."

असं कुणी त्या दिवाणखान्यात बोललं नसावं. सगळे थांबले. भूपालशेठांचं पान चघळणं थांबलं.

"म... मला," नरहरपंत म्हणाले, "न... नाटक... न... नको आहे. ही प... पोरं... लांब जा... जाणार नाहीत. घ... घरी ब... ब... बसतील."

मधे बराच वेळ गेला. त्यांनी टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"म... मग मी... ह... हजेरी... कुणाची घेऊ?"

आणि ते खाली बसले. एवढंच त्यांचं भाषण.

मग भूपालशेठांनी घसा साफ केला. ते भावनेच्या भरात वगैरे येणारे गृहस्थ नव्हते. "माझ्या वखारीतल्या बायकांची पोरं आहेत ती," ते म्हणाले. "पोरं घरी बसली तर उद्या बायाही घरी बसतील. मग हळद कोण निवडणार, मी? शाळा आहे तिथं राहू द्या. आणि दोन खोल्यांची कौलं मी घालून देतो. गोठ्यावरची काढायला नकोत कुणाला."

ज्या मेंबराचा गोठा होता तो घाईघाईनं म्हणाला, "माझी संमती आहे."

रावसाहेबांनी विषय तहकूब केला. पुढच्या सभेत तो निघाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कमिटीत कुठलीच गोष्ट तडीला जात नसे. आमची शाळा बंद करायची गोष्टही तशीच राहून गेली. कौलं आली. शिपाई आला नाही, कुलकर्ण्यांच्या जागी कुणी आलं नाही. नकाशा पुढच्या वर्षी सोमवारी आला, एवढी सुधारणा झाली.

सभा संपवून आम्ही परत निघालो. गंगव्वा आणि बायका पुढं गेल्या, कामाची वेळ चुकली होती. नरहरपंत काहीच बोलत नव्हते. मला वाटलं, आता हैबती बोलेल, नाहीतर कुलकर्णी. कुणीच बोललं नाही. बाजाराच्या तोंडाशी रसाचं गुऱ्हाळ होतं. मी म्हटलं, "पंत, रस घेऊ या." त्यांनी मान हलवली. आम्ही बाकड्यावर बसलो. बैल चरकाभोवती फिरत होता.

अर्धा पेला रस झाल्यावर ते माझ्याकडं वळले. पुन्हा मान ताठ झाली, डोळे मिटले. या वेळी मी थांबायला शिकलो होतो.

"कं... कंपनीत," ते म्हणाले, "म... मला स्वतःचं काम न... नव्हतं. कुणी आ... आजारी पडला... की त्याचं काम मी. स... सगळ्यांची पाठ होती. द... दुसऱ्याचं ब... बोलताना... अ... अडत नाही."

"कळलं," मी म्हटलं.

"घ... घरीही नाही ब... ब... बोललो. आ... आई होती तेव्हा... ब... बोलायचो. ती थ... थांबायची."

बैलानं बरेच फेरे घेतले. मग त्यांनी विचारलं, "तु... तुझं नाव क... काय रे?"

मी चकित झालो. इतक्या दिवसांत हैबतीनं मला "नवं मास्तर" म्हटलं होतं, मोठ्या मास्तरांनी "नवागत". माझं नाव हुकमाच्या कागदावर होतंच. मी ते सांगितलं.

त्यांनी हात हलवला. "त... ते नव्हे. घ... घरी आई क... काय म्हणते?"

"बाळू."

त्यांनी ओठ मिटले. ब हे त्यांचं सगळ्यांत अवघड अक्षर, हे मला तेव्हा समजलं. ओठ मिटले ते उघडेचनात. गाल थरथरले. रसवाला आमच्याकडं बघू लागला. मी त्याच्याकडं पाठ केली. किती वेळ गेला कोण जाणे.

"बाळू," ते म्हणाले, आणि हसले. ते हसणं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बारीक, जरासं लाजरं.

दुसऱ्या दिवशी दारात हैबती उभा होता. त्यानं मला सलाम केला. घंटा उशिरा झाली म्हणून मोठ्या मास्तरांनी त्याला झापलं. रूथबाईंनी गाणं म्हटलं. पण शाळा सुटली, मुलं पांगली, की खाकी कोट खुंटीला लागे, काळा कोटही लागे, आणि नरहरपंत नुसत्या सदऱ्यावर पायरीवर येऊन बसत. मग ते बोलत. सांगण्यासारखं त्यात काही नसे. वांग्यांचा भाव, पायाला झालेलं कुरूप, घाटावर पाणी किती चढलं. एवढ्याला संध्याकाळ पुरत नसे.

बोलायला सुरुवात करताना ते मला हाक मारत. दर खेपेला ओठ मिटत, दर खेपेला तीच झटापट. मला त्यांनी राजू म्हटलं असतं, सख्या म्हटलं असतं, नुसतं "अरे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. सोपी नावं त्यांना पुष्कळ ठाऊक होती. मी सांगली सोडेपर्यंत त्यांनी मला त्यातलं एकही दिलं नाही.